काकूंच्या फोटोसाठी प्रिंटर

काळ्या रंगाबाबत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका चोखंदळ माणूस लखनौत दुसरा नाही, आणि त्यांच्या मूळ गावी अकोल्यातही असेल असं मला वाटत नाही. तुमच्या-माझ्या दृष्टीने काळा तो काळा. काकांच्या दृष्टीने हिरवट काळा असतो, तांबूस काळा असतो, दमलेला काळा असतो आणि 'नुसता नावाला काळा' असतो. एअरफोर्सच्या फोटो सेक्शनमध्ये डार्करूमच्या लाल दिव्याखाली त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे या विषयात त्यांच्याशी वाद घालायची कुणाची प्राज्ञा नाही. बँकेच्या बदलीने मी लखनौच्या महानगर वस्तीत त्यांच्या खाली राहायला आले, त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं, माझी छत्री उघडून खिडकीपाशी धरली आणि शांतपणे सांगितलं, "ही तपकिरी आहे." दुकानदाराने ती मला काळी म्हणून विकली होती. मी छत्री मिटली आणि चहा प्यायले.

या चोखंदळपणाची झळ बसली ती काकूंना. नोकरीच्या सुरुवातीला लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या हवाई तळावर असताना काकांनी काकूंचा एक फोटो काढला होता. क्वार्टरबाहेर दोरीवर कपडे वाळत घालताना काकू कशाला तरी हसतायत, वेणी खांद्यावरून पुढे आलेली. त्याची निगेटिव्ह तेवढी होती, मोठी प्रिंट कधी निघालीच नाही, कारण सरकारी कागदावर बायकोचा फोटो छापणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. निवृत्तीनंतर डार्करूम सुटली, कागद आणि रसायनं बाजारातून दिसेनाशी झाली. शेवटी त्यांनी निगेटिव्ह स्कॅन करून घेतली आणि आता फक्त एक चांगला प्रिंटर घ्यायचा, असं ठरवलं. त्या 'फक्त'ला सहा वर्षं झाली. मधल्या काळात काकूंची अँजिओप्लास्टी झाली, आणि तेव्हापासून त्या भाजी निवडता निवडता अगदी सहज म्हणायच्या, "अहो, मी आहे तोवर लावा. नंतर लावाल तर हार घालून लावावा लागेल, आणि तो काही मला दिसायचा नाही."

काकांचं यावर उत्तर ठरलेलं होतं: घाई करून चालत नाही. साधा, शाईच्या टाक्यांचा प्रिंटर घ्यावा तर तो चार रंग एकमेकांत कालवून राखाडी तयार करतो, आणि असला राखाडी ट्यूबलाइटखाली हिरवा आणि खिडकीपाशी गुलाबी दिसतो. मोठा घ्यावा तर त्यात तीन वेगवेगळ्या राखाडी शाया येतात, पण तो रोज वापरला नाही तर वाळून बसतो, आणि रोज छापायला काकू तर एकच. तिसरा मार्ग म्हणजे जुन्या प्रिंटरमध्ये सगळ्याच शाया काळ्या-राखाडी भरायच्या. तो काकांना मनापासून आवडला होता, पण मे महिन्यात लूचे गरम वारे सुटले की नळ्या सुकतील आणि जानेवारीच्या धुक्यात कागद दमट होईल, म्हणून तोही लांबणीवर पडला. लखनौत प्रिंटर घ्यायला योग्य असे साधारण अकरा दिवस वर्षात येतात, आणि त्या दिवसांत काका अकोल्याला गेलेले असतात.

तोवर तपासणी चालू होती. पेनड्राइव्ह खिशात घालून काका शहरातल्या प्रत्येक फोटोवाल्याकडे जात, प्रिंट काढून घेत आणि घरी आणून पाच वेगवेगळ्या उजेडांत बघत. मग तिच्या मागे पेन्सिलने शेरा लिहीत. शेरा बहुधा एकच असे: 'कावीळ'. एकदा मी त्यांच्याबरोबर जवळच्याच कपूरथला मार्केटात गेले होते. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अंकलजी, अब इससे ज़्यादा काला हमारे बस का नहीं." काका म्हणाले, "बेटा, काला तो ठीक है, चेहरे पे पीलिया है." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी धीर करून म्हटलं, "काका, मला तर पिवळं नाही दिसत." "तुझी नजर तयार नाही अजून," काका मायेने म्हणाले, आणि परतताना मला कुल्फी खाऊ घातली.

हे असंच चालू राहिलं असतं, पण मध्ये दूध आलं. एका सकाळी काकांनी दूधवाल्याला जिन्यातच अडवलं. म्हशीचं सांगून तो गाईचं दूध घालतोय, असा त्यांचा आरोप होता. "भैया, रंग देखो इसका! पीला है!" दूधवाला बिचारा शपथा घेत होता. आवाज ऐकून मी वर गेले. काकू आतून आल्या, पातेल्यात डोकावल्या. मग म्हणाल्या, "भैया, तुम जाओ." आणि काकांकडे वळून, "दूध पांढरं आहे. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं."

एअरफोर्सने पास केलेल्या डोळ्यांना कुठल्या सिव्हिलियनला दाखवणं काकांना अपमानाचं वाटत होतं, पण काकूंपुढे रँक चालत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला, सगळ्या जगावर पिवळी झाक आणणारा. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दुपारी मी शिरा घेऊन वर गेले, तर काका खिडकीपाशी बसलेले, मांडीवर सहा वर्षांच्या प्रिंटांचा गठ्ठा. डावा डोळा हाताने झाकून ते एकेक प्रिंट उचलत होते, बघत होते आणि खाली ठेवत होते. सगळ्यात तळाची, सर्वांत जुनी प्रिंट हातात आली तेव्हा ते थांबले.

"ही चांगली आहे," ते म्हणाले.

"पहिलीच ती," काकू म्हणाल्या.

काकांनी मान वर केली आणि काकूंकडे पाहिलं. पाहतच राहिले.

"केस कधी पांढरे झाले गं तुझे?"

"तुम्ही कागद बघत होतात तेव्हा," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते फारच लागलं. काकांनी प्रिंटांचा गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शिरा वाटीत काढायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेले.

पुढच्या सोमवारी त्यांनी प्रिंटर घेतला, पाव तासात. कुठला घेतला, त्यात शाया किती, हे सांगायलासुद्धा ते विसरले, आणि मीही विचारलं नाही. रविवारी फोटो लागला. मी स्टुलावर चढून फ्रेम अडकवली. काकू खाली उभ्या राहून स्वतःच्या चोविसाव्या वर्षाकडे बघत होत्या, नव्या साडीत, हाराबिराशिवाय.

"डावीकडे कललाय जरा," त्या म्हणाल्या. "अहो, बघा ना."

काका भिंतीकडे पाठ करून उभे होते आणि काकूंकडे बघत होते.

"असू दे," ते म्हणाले.