निपटून खाल्लेली बशी

श्रीमार्कंडेश्वराला वंदन करून, गडचिरोलीच्या बेकरी-कॅफेत मला नित्य भेटणाऱ्या एका गृहस्थांविषयी लिहितो. निमित्त, काल तेथे झालेली केकची परीक्षा.

नवा केक असो, समोसा असो की सरबत, मालक पहिला घास त्यांच्यापुढे ठेवतात. ते डोळे मिटून चाखतात आणि म्हणतात, "मले नका विचारू, जिभेले विचारा. ते खोटं बोलत नाई." हे वाक्य मी आजवर आदराने ऐकत आलो.

काल धानोऱ्याकडच्या एका बाईंनी मोहफुलांचा केक करून आणला. या गृहस्थांना तो रुचला, तर मालक बाईंना कामावर ठेवणार होते. गृहस्थांनी डोळे मिटून, बोटाने बशी निपटून केक खाल्ला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून त्यांचे एक परिचित हसले, "काय भाऊ, सकाळीच मोहाची घेऊन राह्यले का?"

गृहस्थ ओशाळले. ओठ पुसत म्हणाले, "छ्या! दारूवानी वास येते."

बाईंनी रिकामी बशी उचलली. "मंग सबन कसा खाल्ला जी, भाऊ?"

मालकांनी उरलेला केक बाईंच्या डब्यात परत भरून दिला. त्या गेल्यावर गृहस्थांनी नानकटाई मागवली, डोळे मिटले आणि पुन्हा जिभेची साक्ष काढली. मी सरबत तसेच ठेवून उठलो.

वाचकहो, तुमच्या घरी अन्न कधी उणे न पडो. आणि जे गोड लागले त्याला चारचौघांतही गोड म्हणणारी वाणी तुमच्या कुळात नांदो.