गिरणीची आइस हॉकी

सोलापुरात बर्फ दिसायचा तो रसाच्या गाड्यावर. तरीही बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गिरणीत आइस हॉकीचा व्यावसायिक संघ निघाला आणि मी त्याचा गोलकीपर होतो.

मालकांचे जावई कॅनडात वर्षभर राहून आले होते. तिकडचे खेळाडू नुसते खेळायचा पगार घेतात, असं त्यांनी पाहिलं होतं. आम्ही माग चालवून संध्याकाळी साधी हॉकी खेळायचो. जावयांनी आम्हाला ओळीत उभं केलं. "आजपासून तुम्ही प्रोफेशनल."

आमचा कप्तान मैंदर्गीकडचा. त्याने विचारलं, "म्हंजे माग चालवायचा न्हाय व्हय, सायेब?"

"चालवायचा. पण मनाने प्रोफेशनल राहायचं."

बर्फाची अडचणही त्यांनी सोडवली. मैदान ओलं केलं की खेळाडू घसरतील, झालं! कुर्डुवाडीच्या रेल्वेवाल्यांशी सामना ठरला. चाळीचे नळ कोरडे पडलेले, आणि इकडे रंगखात्यासाठी राखलेलं विहिरीचं पाणी मैदानावर सोडलं. मला चिंध्या भरलेल्या गोण्यांत बांधून गोलात उभं केलं. भर उन्हात मी आतल्या आत शिजत होतो.

घसरलं मात्र कुणीच नाही. काळ्या मातीत सगळे घोट्यापर्यंत रुतले. जावई काठावरून ओरडत होते, "धक्का मारा! अंगावर जा!" कप्तान गेला आणि तिथेच अडकला. रेल्वेवाल्यांनीच त्याला हाताला धरून उपसलं.

मध्यंतरानंतर जावयांनी पाइप पुन्हा सुरू करायला लावला. तेवढ्यात चाळीतल्या बायका घागरी घेऊन थेट मैदानात शिरल्या आणि पाइप ताब्यात घेतला. त्यांत माझी बायकोही होती. भरलेली घागर घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"अवो, हितं काय राखताय? ही धरा, मी दुसरी भरते."

मी घागर धरली. रेल्वेवाल्यांनी माझ्या शेजारून निवांत गोल केला.

खुर्चीत बसलेले मालक ताडकन उठले. आम्हाला वाटलं, बायकांच्या हालांनी त्यांना पाझर फुटला.

"जावईबापू, पाणी कुठलं हे?"

"आपलंच. रंगखात्याचं."

"म्हणजे उद्या रंगखातं बंद?"

संघ तिथल्या तिथे मोडला. जावयांची रवानगी मुंबईच्या कचेरीत झाली. तिथल्या लोकांना ते आता पोहायला शिकवतात, असं कप्तान सांगत फिरायचा. आमच्या घरात ते पाणी पुढचे काही दिवस पुरलं. बायकोने त्यात पहिल्यांदा माझा चिखल धुतला, आणि धुताना ती पोट धरून हसत होती.