वास आला तर बंद

माझा भाचा शहराच्या पाणीपुरवठ्याकडे इंजिनिअर आहे. मागे त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं मोठ्या हौसेनं मला त्याचं जलशुद्धीकरण केंद्र दाखवलं. पाइपात बोटाएवढी एक कांडी बसवलेली, तिच्या टोकाशी धातूचे दोन बारीक तुकडे, आणि भिंतीवर लाल आकडा. पाण्यात क्लोरीन शिल्लक असला की त्या तुकड्यांमधून जराशी वीज वाहते, आणि ती मोजून यंत्र क्लोरीन किती ते सांगतं म्हणे. मी विचारलं, "आणि यंत्रच चुकलं तर?"

"म्हणून दुसऱ्या पद्धतीनंही ताडून पाहतो, मावशी. एकावर विसंबत नाही."

आमच्या वेळीही दोन यंत्रं होती, हे मी त्याला सांगितलं नाही. एक माझी काचेची नळी, आणि दुसरं पाटलीणकाकूंचं नाक.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी बीबी गावाकडची, म्हणजे घाटावरची. नर्स म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती मात्र घाटाखाली, सोनाळ्याच्या खालच्या अंगाला, पूर्णा नदीकडच्या एका गावात. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरी पुष्कळ, पण पाणी असं की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा पाजला तर पाहुणा पुन्हा फिरकत नाही. गोडं पाणी साऱ्या गावात एकाच विहिरीला, ती पाटलांच्या मळ्यात. पाटील गावच्या भानगडींत गुंतलेले असायचे, त्यामुळे मळा आणि विहीर काकूंच्या ताब्यात होती. कुठल्याही आळीतली बाई येवो, तिनं त्याच काठावरून दोर सोडून भरून न्यायचं, हा काकूंचा शिरस्ता. घरच्यांनी एकदा कुरकुर केली तर म्हणाल्या होत्या, "पान्याले जात पुसली का कोनी?"

काकूंच्या दोन गोष्टी गावात प्रसिद्ध होत्या. एक त्यांचं नाक. तेल जुनं आहे की ताज्या घाण्याचं, ते बुधलीचं बूच न काढता सांगायच्या. दुसरा त्यांचा शब्द. दोन भावांचं बांधावरून भांडण जुंपलं तरी "पाटलीणबाई काय म्हणते ते पुसा" असं व्हायचं, कारण बाई खोटं बोलत नाही, स्वतःच्या घरच्यासाठीसुद्धा नाही, असा सगळ्यांचा अनुभव.

त्या उन्हाळ्यात पूर्णेपलीकडच्या गावात हैजा, म्हणजे कॉलरा, लागला. गाड्यांतून माणसं दवाखान्यात जाऊ लागली आणि काही परत आली नाहीत. मला हुकूम आला की गावातल्या प्रत्येक विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका आणि रोज सकाळी पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहा. खाऱ्या विहिरींचं काहीच अडलं नाही, तिथलं पाणी पितं कोण? मी बादली घेऊन मळ्यात गेले तेव्हा मात्र काकू काठावरच उभ्या होत्या.

"हे काय आनलं?"

"औषध आहे काकू, पाण्यात टाकायचं."

"माह्या पान्यात? नर्सबाई, हे पुन्याचं पानी हाये. दान देल्ल्या पान्यात दवाई टाकतं का कोनी? म्हंजे माह्यं पानी रोगट हाये, असंच सांगत फिरशीन ना तू गावात?"

मी जंतू समजावले, हैजा समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला घरी जायला सांगितलं. मला इतका राग आला की वाटेत बादली आपटावी असं वाटलं. पण मीही कमी हट्टी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन विहिरीशेजारच्या कडुनिंबाखाली बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. आई म्हणायची, ही पोरगी घोरपडीसारखी आहे, चिकटली की सुटत नाही. बाया हसायच्या. काकू पाहून न पाहिल्यासारखं करायच्या, पण दुपारी भाकर आणि ठेचा पाठवायच्या, कारण दारात बसलेल्याला उपाशी ठेवणं त्यांना जमत नव्हतं. मी भाकर खायची आणि तिथंच बसायची.

शेवटी एका सकाळी त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. साऱ्या बाया दोर सोडायचं थांबवून ऐकू लागल्या.

"टाक तुही दवाई. पन सांगून ठेवतो, रोज सकाळी पयला गडवा मी भरीन. वास आला तं बंद. मंग तू अठी बसली काय अन् उठली काय."

मी हो म्हटलं खरं. त्या नाकापुढं कशाची डाळ शिजणार? आणि नाकानं नाही म्हटलं तर काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. विटाळलेलं गोडं पाणी नको म्हणून बाया नदीच्या डोहावर जाणार, आणि त्याच डोहाच्या पलीकडच्या काठाला हैजाच्या रोग्यांचे कपडे धुतले जात होते. काकूंच्या एका शब्दावर गाव डोहाकडं वळलं असतं.

म्हणून आधी शाळेमागच्या खाऱ्या विहिरीवर हात बसवला. दोराला दगड बांधून खोली मोजायची. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी तेवढं विहिरीत सोडायचं आणि बादली वरखाली करून ढवळायचं. मग नळीत पाणी घेऊन तपकिरी बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. तपासणीच्या पेटीतल्या पिवळ्या काचांशी रंग लावून पाहायचा. गडद झाला तर जास्त, काहीच नाही झाला तर मेहनत पाण्यात. मला हवा होता तो सगळ्यात फिका चालणारा रंग, ज्याच्या खाली उतरलं तर हैजाला वाट मोकळी. एक चिमूट कमी, एक चिमूट जास्त, असं करत तो रंग गवसेपर्यंत मी शाळेच्या मास्तरांचंसुद्धा डोकं खाल्लं.

मग गोड्या विहिरीत औषध सोडलं. सकाळी नळीत फिका पिवळा आला, जेवढा हवा तेवढाच. काकूंनी गडवा नाकाशी नेला. थांबल्या. त्या तांब्यातला एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. सगळ्या बाया त्यांच्या तोंडाकडं पाहत होत्या.

"नाई," काकू म्हणाल्या. "वास नाई. भरा."

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. त्यानंतर रोज तसंच होऊ लागलं. आधी माझी नळी, मग काकूंचा गडवा, मग "वास नाई, भरा". पलीकडून वाईट बातम्या येतच होत्या, आमच्या गावात एकही घर आडवं झालं नाही. तपासणीला आलेल्या डॉक्टरांना मी ऐटीत सांगितलं, की नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईच्या नाकाखालून मी रोज क्लोरीन नेते. ते हसले, मीही हसले.

मग ती सकाळ आली. वाडीवर एक बाळंतीण अडली होती, तिथून सुटून मळ्यात पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पाहते तो विहिरीभोवती रिकाम्या घागरींची रांग. दोर गुंडाळलेले. काकू काठावर ठाण मांडून बसलेल्या.

"आज पानी मिळत नाई," एक बाई मला म्हणाली. "पाटलीणबाई भरू देऊन नाई राह्यली."

माझं डोकंच फिरलं. गेलं सगळं! सापडला यांना वास. रात्रभराचा शीण होता, जिभेला हाड उरलं नाही. मी म्हटलं, "काकू, तुमच्या नाकापायी ही पोरंबाळं मरायची का? आला असेल थोडा वास! वासानं कुणी मेलेलं पाहिलंय तुम्ही?"

काकू शांत होत्या. म्हणाल्या, "झालं का तुह्यं? वास आला म्हून नाई अडोलं मी. आज वास आला नाई म्हून अडोलं. काऊन नाई आला, ते पाह्य आंधी."

मला काहीच समजेना. पेटी उघडली, नळी भरली, थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं, पांढरं स्वच्छ. उन्हात धरलं, पदरापुढं धरलं. पिवळ्याचा मागमूस नाही. आदल्या संध्याकाळी नवं पोतं उघडलं होतं. पावडर दिसायला पांढरीच, पण कुठंतरी ओल लागून तिचा जीव गेलेला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

जुन्या डब्यात तळाशी थोडी पावडर होती. ती आणून कालवली, सोडली, ढवळली. औषध पाण्यात मुरेपर्यंत सगळ्या तिथंच बसून राहिलो. मग नळीत फिका पिवळा आला. काकूंनी गडवा नाकाशी नेला.

"हाव. आता आला."

घोळक्यात चुळबुळ झाली. एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजे बाई, रोजच येत होता का वास?"

"पयल्या दिवसापासून. डोकशात गेला माह्या." काकू सगळ्यांकडं पाहून बोलत होत्या. "हो म्हटलं असतं तं तुमी डोहावर गेल्या असत्या. म्हून रोज खोटं बोलली मी. आज खरं नसती बोलली तं तुमी हे मेलेलं पानी घेऊन गेल्या असत्या."

ज्या बाईच्या शब्दावर बांध ठरायचे, तिनं तो शब्द भर गावापुढं स्वतःच्या हातानं मोडला होता. मला रडू आवरेना. मघाशी जे बोलले होते ते जीभ चावून परत घेता येत नव्हतं. बायांनी मुकाट्यानं घागरी भरल्या आणि एकमेकींकडं न पाहता गेल्या.

आता उद्या या येतील का, याच विचारात माझा तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मी उजाडताच मळ्यात पोचले. काकू आधीच येऊन बसल्या होत्या, गडवा मांडीवर. त्याही वाटेकडंच पाहत होत्या. बराच वेळ वाट रिकामीच होती. मग ती म्हातारी आली, तिच्यामागं तिची सून, आणि मग आळी-आळीतून सगळ्या आल्या. कुणी दोर सोडला नाही. सगळ्या काकूंकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मी नळी पाहिली. काकूंनी पाणी हुंगलं, घोट घेतला, आणि या खेपेला तोंड चांगलं वाकडं केलं.

"वास हाये," त्या म्हणाल्या. "भरा."