पाचवं लेकरू

पोरगी नऊ महिन्यांची झाली, तशी मी तिला न्हाऊमाखू घालून गोवराच्या लशीसाठी अंगणवाडीत नेलं. सिस्टरने कार्ड पाहिलं, पोरीचा गाल ओढला, पण लशीचा निळा डबा काही उघडला नाही.

"एका लेकरासाठी वायल नाही फोडता येत, बाई. एका बाटलीत पाच डोस असतेत. फोडली का चार तासात संपवा लागते, नाही त फेका. वाया गेली का मलेच इचारतेत."

लसीकरण महिन्यातून एकदाच. सिहोऱ्याच्या दवाखान्यात गेले, तर "तुमच्याच गावात घ्या" म्हणून वाटेला लावलं. तिचाही नाइलाज होता हे कळत होतं, तरी सिस्टरचा मला मनापासून राग आला.

पुढच्या महिन्यात धानाचा रोवणा लागला. रोवण्यात आमच्या गावची तान्ही लेकरं घरी नसतात, धुऱ्यावरच्या झाडाला साडीची झोळी बांधून त्यात असतात, आणि आया पोटरीभर चिखलात रोपं लावत. अंगणवाडीत दोनच लेकरं आली. वायल तशीच परत गेली. त्याच आठवड्यात खालच्या मोहल्ल्यात एका दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. लोक म्हणाले, माता आली. मी बीए झालेली, मला गोवर कळत होता. कळून काय करणार होते? मी पोरीला अंगणातही सोडेना.

सासू म्हणाली, "पोरीले का पेटीत ठेवतं का आता?"

तिसऱ्या खेपेला मीच धानाच्या बांध्याबांध्यांतून फिरले, बायांच्या हातापाया पडले. "वहिनी, इलेक्शनले उभी होऊन राहिली का?" म्हणून त्या हसल्या, पण चौघी चिखलाच्या पायांनी लेकरं घेऊन आल्या. माझी धरून पाच. मी जिंकल्यासारखी उभी राहिले. सिस्टरने डबा उघडला. गोवराची वायलच नव्हती.

"दोन महिने एकही लागली नाही ना," ती खाली मान घालून म्हणाली, "म्हणून वरून यावेळी पाठवलीच नाही."

लेकरं नाहीत म्हणून वायल फोडायची नाही, आणि फोडली नाही म्हणून द्यायचीच नाही! मी तिला नाही नाही ते बोलले. तिने डबा बंद केला. "पुढच्या बुधवारी जादा फेरी लावून मागून आणीनच," म्हणाली.

शुक्रवारी पोरगी तापली. मंगळवारी कानामागे पुरळ दिसला. बुधवारी सासूने आमच्याही दाराला डहाळा बांधला.

दुपारी लशीसाठी लेकरं गोळा करणाऱ्या आशाताई आल्या, डहाळा पाहून गल्लीतच थांबल्या. "वायल आली, पण चारच लेकरं झाले! सिस्टर पाचव्यासाठी थांबून राहिली. बाया त परत चालल्या रोवण्यावर!"

पोरगी मांडीवर कण्हत होती, डोळे चिकटलेले. ही लस आता तिच्या काय कामाची? पण त्या चौघी पुन्हा आल्या नसत्या. मी तिला सासूकडे दिलं, कार्ड काढलं आणि उंबऱ्यावरून गल्लीत टाकलं.

"हिचं नाव लिहा म्हणा, अन् फोडा."

माझी पोरगी त्यातून उठली, पण त्या दुपारी ते मला कुठे ठाऊक होतं? थोड्या वेळाने अंगणवाडीकडून एकेक करून चार लेकरांचं रडणं ऐकू आलं, आणि चारही वेळा मला त्यांच्या आयांचा हेवा वाटला.