झाकणाखालचा कपॅसिटर

हे मी घरीसुद्धा बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही ना मला ओळखता ना पल्लवीला – आणि कुठेतरी एकदा हे बाहेर पडायलाच हवं.

सदर बाजारातल्या आमच्या छोट्या ऑफिसात कूलरचे कंट्रोलर बनतात. मी सर्किट बोर्ड आखतो, पल्लवी त्याचा प्लॅस्टिकचा डबा. दोघांची सॉफ्टवेअर वेगळी. माझ्या पडद्यावर बोर्ड सपाट, नकाशासारखा. प्रत्येक भागाचं थ्रीडी मॉडेल जोडून मी फाइल पाठवली की तिच्या पडद्यावर तोच बोर्ड उंचीसकट उभा राहतो, आणि त्यावरून ती झाकण बेतते. मी जे पाठवलं नाही, ते तिच्यासाठी जगातच नसतं. याची मला मोठी गंमत वाटायची.

चूक शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्यांच्या फायलीत केसभर फरक असला तरी ती पकडायची. माझ्या फायलीत मात्र कधी काही निघालं नव्हतं – तो ताठा होताच. शिवाय मला लहानपणापासूनची खोड, घड्याळ नीट चालतंय ना, मग उघडून बघ. एक दिवस वाटलं, हिच्या नजरेतून काही सुटतं का? किती मोठं सुटतं? मग मी बोर्डावरचा सगळ्यात उंच भाग, गच्चीवरच्या टाकीसारखा दिसणारा कपॅसिटर, फायलीतून काढला आणि फाइल पाठवून दिली. संध्याकाळपर्यंत ती भांडायला येईल, मी हसेन, चहा माझ्याकडून – एवढंच डोक्यात होतं.

ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावसभावाच्या लग्नाला भिवापूरला गेलो. तिथे पंगतीत आठवलं. फोन खिशातच होता – का नाही केला? विसरलो असतो तर निदान तसं सांगता आलं असतं. मला बघायचं होतं, हे कुठवर जातं. परतलो तेव्हा झाकणाचा साचा बनायला गेला होता.

आणि तेव्हा? तेव्हा मी कपॅसिटर गुपचूप परत बसवला. त्याच नावाने, जुन्या फायलीच्या जागी. आधीच्याला खोडी म्हणता येईल कदाचित. याला नाही.

पहिली झाकणं आली, ती बसेचनात. आतला आधाराचा खांब नेमका कपॅसिटरच्या डोक्यावर येत होता. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी फाइल उघडली – कपॅसिटर जागच्या जागी.

पल्लवी म्हणाली, "मीच तो लपवून ठेवला असन माझ्या स्क्रीनवर. मले आठवूनच नाही राहिलं." डबा आखताना आड येणारे भाग पडद्यावर तात्पुरते लपवता येतात.

एकटीने सांभाळलेलं ते तिचं पहिलं काम होतं. त्यानंतर तसं काम तिला दिलंच नाही. आजही तिच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याची सही लागते.

काही दिवसांनी मी तिला विचारलं – हो, तेव्हाही मला उत्तर हवंच होतं – "फाइल मोजून नव्हती पाहिली का वं?"

"तुझी काहून मोजू गा? तू दिली म्हणजे बरोबरच राहते."

तर हे उत्तर. तिच्या नजरेतून काहीच सुटलं नव्हतं. माझ्या फायलीवर तिने तपासणीची नजर टाकलीच नव्हती, कधीच.

हल्ली ती स्वतःचं काम पुन्हा पुन्हा तपासते, कारण स्वतःवरचा तिचा भरवसा उडालाय. माझी फाइल अजूनही न मोजताच घेते.