रस्त्यातच असलेले रफिकभाई

गिरणीवाल्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, पीठ आणि किस्से. पीठ झाडलं की निघतं. किस्से मात्र रफिकभाई नवेनवे आणून टाकतात! माजलगावात आमच्या घराचं आणि गिरणीचं लाइटीचं सगळं काम त्यांच्याकडे. माणूस लाख मोलाचा, पण वेळेवर येईल तर शपथ.

*

फोन केला की उत्तर ठरलेलं, "वहिनी, रस्त्यातच हाय!"

एकदा मागून त्यांच्या अम्मीचा आवाज आला, "रफिक, और एक रोटी डालूँ क्या?"

मी म्हटलं, "रस्त्यात जेवण बरं मिळतंय की!"

"या ना वहिनी, तुमी पण!"

*

आमच्या ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून पंखा स्वतःच दुरुस्त केला. फिरला जोरात, पण ऐन उन्हाळ्यात वारा काही लागेना. शेवटी रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी नुसतं वर बघितलं.

"भाऊ, उलटा फिरायलाय. हवा वर चाललीय. तुमी माडीवर राहायला जा!"

*

दाराला बेल बसवली, तेव्हा चूक रफिकभाईंची. भिंतीतली जुनी तार शेजारी जात होती, तीच जोडली. बटण आमच्या दारात, आवाज शेजारच्या काकूंच्या घरात! आठवडाभर आमच्या पाहुण्यांना काकूंनीच चहा पाजला.

रफिकभाई तार काढायला आले तर काकू आडव्या. "ऱ्हाऊ दे की रे. लई दिवसांनी घरात माणसं यायलीत."

मग रफिकभाईंनी आमच्याकडे दुसरी बेल लावली. आता दोन्हीकडे वाजते.

*

आता गिरणीचं. ती बसवली सासूबाईंच्या ओसरीला लागून. दुपारी तिथं त्यांच्या मैत्रिणी जमायच्या. "ह्या घरघरीत माझ्या बायका आता कुठं बसतील?" म्हणून त्या माझ्याशी बोलेनात. मला गिरणी हवी होती, पण घरात अबोला नको होता. जीव नुसता टांगणीला.

रफिकभाईंचा एक नेम आहे. घरात ज्याचा विरोध, पहिलं बटण त्यानंच दाबायचं! सासूबाई फुगूनच आल्या. "चालू कोणतं?" "हे हिरवं, मावशी." "आन् बंद?" "हे लाल."

गिरणी सुरू झाली. पण रोज दुपारी आपोआप बंद पडायला लागली! ज्वारीचे डबे घेऊन लोक खोळंबलेले. मी रडकुंडीला आले.

रफिकभाई, नवल म्हणजे, वेळेवर आले. फ्यूज बघितला, स्टार्टर उघडला, सगळं ठीक. मग मला आत पाठवून ते पोत्याआड बसून राहिले. थोड्या वेळानं घरघर थांबली आणि ओसरीवर बायकांचं हसणं ऐकू आलं.

बऱ्याच वेळानं ते आत आले. हातात सासूबाईंच्या चहाचा कप.

"वहिनी, फॉल्ट सापडला. पण हा दुरुस्त करायचा न्हाई."