वहिनीनं निवडलेलं बॅरल

दादाचा फोन आला तेव्हा मी इथं बहारीनमध्ये, सनाबिसच्या माझ्या घरी ऑफिसचा डबा भरत होते. "नीला गेली," एवढंच म्हणाला. मी हातातली पोळी ओट्यावर तशीच टाकली आणि निघाले. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पोचेपर्यंत ग्रुपवर मेसेज सुरूही झाले होते. बिचारी सुटली. झुंज संपली. किती सोसलं बिचारीनं. गाडीत बसून मी ते सगळे वाचले, आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला सणकून राग आला. नीलावहिनीला बिचारी म्हणायची तिच्या हयातीत कुणाची टाप नव्हती. ती गेली म्हणून आता ज्याला जे वाटेल ते म्हणावं? मला नाही चालणार. दोन महिने होत आले, राग काही उतरला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

वहिनी मूळची साताऱ्याची. कॉलेजात एनसीसीत असताना बावीस बोअरची रायफल तिच्या हाती आली आणि तिथंच तिचं मन जडलं. मग लग्न, दादाची बँकेतली नोकरी, बहारीन, जुफैरच्या फ्लॅटमध्ये मुलांच्या गणिताच्या शिकवण्या… बरीच वर्षं रायफल म्हणजे फक्त बोलण्यातली गोष्ट राहिली. मग एक दिवस तिला कळलं की दक्षिणेकडं वाळवंटात एक शूटिंग क्लब आहे आणि तिथं बायकांनाही घेतात. पुढच्याच शुक्रवारी ती मला घेऊन तिथं हजर! "चला वन्सं, सोबतीला." वन्सं हे फक्त मला चिडवायला, एरवी आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. क्लबच्या रायफली क्लबच्याच कपाटात कुलपात राहतात. जायचं, सही करायची, नेम मारायचे, परत द्यायची. कपाटाच्या किल्ल्या अबू खालिदकडं. पांढऱ्या दाढीचा, शांत, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा बहारीनी माणूस. त्यानं तिला शिकाऊंसाठीची एक जुनी रायफल काढून दिली, आणि ती वहिनीनं अशी आपलीशी केली की पुढं दुसरं कुणी ती मागेनासं झालं. झोपून मारणं, टेबलावर टेकवून मारणं तिला पटायचंच नाही. उभं राहून मारायचं. डावा कोपर बरगडीला टेकवायचा, हातावर रायफल तोलायची, श्वास सोडायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात ती इतकी देखणी दिसायची!

खंडेनवमीला तिच्या डोक्यात आलं की शस्त्रपूजा झालीच पाहिजे. मी म्हटलं, वहिनी, हा त्यांचा क्लब, त्यांचा देश, उगाच काहीतरी काय! तिनं सरळ अबू खालिदला विचारलं. त्यानं एक टेबल पुसून दिलं, वर स्वच्छ कापड अंथरलं आणि टोपी नीट करून बाजूला उभा राहिला. हळदकुंकू झालं, अक्षता झाल्या, पाण्याचे चार थेंब शिंपडले, आणि वहिनीनं एका टपोऱ्या झेंडूचं देठ रायफलीच्या नळीत खोचलं. फोटोत फार सुंदर दिसतं ते. त्याच आठवड्यात तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. तपासण्या, घाईघाईनं पुण्याला जाणं, ऑपरेशन, मग केमो… रायफलीची आठवण कुणाला होणार?

ती परतली आणि विग न घालता, डोक्याला नुसता रुमाल बांधून पहिल्याच शुक्रवारी क्लबवर गेली. अबू खालिदनं कपाट उघडलं. रायफल होती तशी उभी, आणि नळीच्या तोंडात वाळून काळा पडलेला झेंडू! इतके महिने त्यानं तो कुणाला काढू दिला नव्हता. तेल-पाणी करायला येणाऱ्यालाही नाही. "मैडम, आप के भगवान का है. मैं कैसे हाथ लगाए?" इथली दमट हवा, ओलं देठ आणि शिंपडलेलं पाणी… आतून पार हातभर गंज चढला होता. वहिनीनं देठ उपसलं, नळीत उजेड टाकून पाहिलं आणि जी हसत सुटली ती थांबेचना. तिच्या भक्तीनं आणि त्याच्या अदबीनं मिळून रायफलीचा पार निकाल लावला होता. तो बिचारा कानकोंडा होऊन उभा. हो, त्याला मात्र बिचारा म्हणायला माझी हरकत नाही.

क्लबनं रायफल बाद करायची ठरवली. वहिनी म्हणाली, बाकी सगळं ठणठणीत आहे, फक्त नळी, म्हणजे बॅरल, बदला. मूळ कंपनीचं मिळेना. पण त्याच रायफलीत बसणारी, दुसऱ्या लोकांनी बनवलेली बॅरलं मिळतात. परवानगी आणि मागवणं क्लबच्या नावानं, खर्च आपला, असं ठरलं. मग आमच्या घरात जे सुरू झालं ते काय सांगू! जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नाही. क्लबमधले जाणते म्हणाले, जाडजूड, जड बॅरल घ्या, नेम हलत नाही. दादानं सगळ्यात महागडं शोधून काढलं, पोलादाच्या बारीक नळीवर कार्बनचं वेष्टण, हलकंही आणि ताठही. तो रोज त्याचे फोटो दाखवायचा. त्याला बायकोसाठी काहीतरी मोठं करायचं होतं, माझा भाऊ आहे तो, मला कळत होतं. त्यांची परदेशात शिकणारी लेकही फोनवरून म्हणायची, "आई, जस्ट गेट द बेस्ट वन." वहिनीनं मात्र तिसरंच निवडलं. साधं पोलादी, पुढं निमुळतं होत गेलेलं, थोडं आखूड आणि स्वस्तातलं. छोट्या गोळीची दारू तेवढ्या लांबीत जळून संपते, त्यापुढची लांबी म्हणजे नुसतं ओझं, असं तिनं आम्हाला भाजी निवडता निवडता समजावलं. जड बॅरल तिचा डावा हात पेलणार नव्हता. ऑपरेशननंतर तो सुजायचा, आणि ज्या बरगडीवर कोपर टेकायचा तिथंच टाके होते. दादा म्हणाला, मग टेबलावर टेकवून मार ना, आणि घे ते भारीतलं. आयुष्यात एकदा हौस…

वहिनीनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "शेवटची हौस म्हणून माझ्यासाठी काही आणायचं नाही," ती म्हणाली. "मला पुढच्या वर्षीही गोळ्या लागणार आहेत. सगळे पैसे नळीतच घातले तर मारू काय?"

दादा उठून बाल्कनीत गेला. तेव्हा मला उमगलं की हा बॅरलचा वाद नव्हताच. आम्ही सगळे मनातल्या मनात तिची आवराआवर करायला लागलो होतो, आणि ती पुढच्या वर्षाचा हिशेब करत होती. महागडं घेतलं असतं तर तिनं आमचं म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं. ती ते मान्य करणार नव्हती, बस्स.

स्वस्तातलं बॅरल आलं, क्लबच्या माणसानं बसवलं. पहिले काही शुक्रवार नेम वाटेल तिकडं जायचे. वेगवेगळ्या गोळ्या मारून कुठल्या या नळीला मानवतात ते तिनं चिकाटीनं शोधलं, आणि कागदावरचे ठिपके हळूहळू एकमेकांजवळ यायला लागले. थंडी सरता सरता क्लबची स्पर्धा होती. ती उभी राहिली तशी अबू खालिद स्वतः खुर्ची घेऊन धावला. वहिनी मागं न बघताच म्हणाली, "कुर्सी मफी, अबू खालिद." खुर्ची नाही म्हणजे नाही. दर नेमानंतर ती हात खाली सोडायची, बोटं उघडझाप करायची, पुन्हा उचलायची. कोपर बरगडीला लागला की ओठ घट्ट मिटायची. मी तिच्या मागं उभी होते आणि पदराचं टोक दातात धरून होते. नंबर वगैरे काही आला नाही, मधेच कुठंतरी होती. पण शेवटच्या गोळीपर्यंत उभी होती. परतताना गाडीत शांत झोपली आणि जुफैरच्या सिग्नलला डोळे उघडून म्हणाली, यल्ला, चल, आता भजी खाऊ.

उन्हाळ्यात दुखणं उलटलं. शेवटच्या आठवड्यात तिनं मला दोनच गोष्टी विचारल्या. दादा नीट जेवतो का, आणि रायफलीला तेल लागतंय का.

यंदा खंडेनवमीला मी क्लबवर निघाले तर आत्याचा फोन, अगं वर्ष झालं नाही, सण कसले करतेस! मी म्हटलं, सण नाही करत, काम आहे. अबू खालिदनं टेबल मांडून ठेवलं होतं. कापड तेच. आणि शेजारी एक काचेची पेटी, तिच्या नावाची पट्टी लावलेली. रायफल आता त्यात राहील, भिंतीवर, सगळ्यांना दिसेल, असं तो भरल्या आवाजात सांगायला लागला. त्याचे डोळे ओले होते. माझेही होते… पण मला ती पेटी बघवेना. काचेत ठेवली की ती रायफलही बिचारीच झाली की!

"काच मफी," मी म्हटलं. "जिसको चाहिए, उसको चलाने दो."

त्यानं मान हलवली आणि पेटी उचलून आत नेऊन ठेवली. मी हळदकुंकू वाहिलं, फूल दस्त्यावर ठेवलं, पाणी शिंपडलं नाही. हात जोडून झाल्यावर त्यानं फुलाकडं बोट दाखवून विचारलं, "खलास?" मी म्हटलं, खलास. त्यानं दोन बोटांनी ते अलगद उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मग रजिस्टर पुढं सरकवलं. मी फूल पर्समध्ये टाकलं आणि सही केली. इतकी वर्षं तिच्यासोबत येऊनही मी रायफल कधी हातात धरली नव्हती. खुर्ची होती, टेबल होतं, दोन्हींकडं पाठ केली. डावा कोपर बरगडीला टेकवला. किती हलकी होती ती! माझ्यासारखीलाही पेलली. श्वास सोडला, थांबले.

पहिली गोळी कागदाला लागलीसुद्धा नाही. मी दुसरी भरली.